परदेशात शिकताना बर्फ-वादळ आडवं आलं तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शुक्रवार, १ डिसेंबर २०२३ च्या रात्री म्युनिकमध्ये बर्फ पडू लागला आणि शनिवारी शहरात ४४ सेंटिमीटरचा थर साचला. विमानतळ बंद, मुख्य रेल्वे स्टेशन बंद, ट्राम-बस बंद. बायर्न म्युनिकचा घरच्या मैदानावरचा सामनासुद्धा रद्द झाला. त्या एका दिवसात सुमारे ७६० विमानफेऱ्या रद्द झाल्या. त्यातल्या एका विमानाचं तिकीट माझ्याकडे होतं. मी मास्टर्सच्या तिसऱ्या सत्रात होते, सांगलीला चुलत बहिणीचं लग्न होतं, आणि बॅगेत तिच्यासाठी घेतलेली भेट होती.

तेव्हापासून दर हिवाळ्यात नव्याने आलेली मुलं-मुली मला तेच तेच प्रश्न विचारतात. बहुतेक प्रश्न रात्री उशिरा, विमानतळावरून येतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. माझा अनुभव जर्मनीचा, त्यामुळे युरोपबद्दल जास्त लिहिलं आहे.

प्रश्न : हवामानामुळे विमान रद्द झालं. कंपनी म्हणते, "यात आमची चूक नाही." म्हणजे आम्हाला काहीच मिळणार नाही का?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, आणि त्या गल्लतीपायी मुलं रात्रभर उपाशी बसतात. एक असते भरपाई, दुसरी असते सोय.

युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम आहे. ३५०० किलोमीटरपेक्षा लांबचं विमान कंपनीच्या कारणाने रद्द झालं तर ६०० युरो भरपाई मिळते. बर्फ, वादळ, गोठणारा पाऊस ही कंपनीच्या हातातली कारणं नाहीत, म्हणून ती भरपाई सहसा मिळत नाही. इथपर्यंत कंपनीचं म्हणणं बरोबर आहे.

पण सोय करणं कंपनीला कोणत्याही कारणाने चुकत नाही. थांबावं लागेल त्या प्रमाणात जेवण-पाणी, रात्र काढावी लागली तर हॉटेल, हॉटेलपर्यंत जायची-यायची गाडी, आणि दोन फोन किंवा ईमेल. विमान रद्द न होता नुसता उशीर होत असेल, तर मुंबईसारख्या लांबच्या प्रवासाला चार तासांच्या उशिरापासून जेवणाचा हक्क सुरू होतो. २०१० साली आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचं आकाश बंद झालं, तेव्हा पोर्तुगालमध्ये आठवडाभर अडकलेल्या एका प्रवासी बाईंनी जेवण आणि राहण्याचे सुमारे ११३० युरो मागितले. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. ३१ जानेवारी २०१३ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की परिस्थिती कितीही असाधारण असो, सोय करण्याच्या जबाबदारीला दिवसांची किंवा रकमेची मर्यादा नाही. खर्च मात्र गरजेचा आणि वाजवी हवा.

काउंटरवर हे कोणी आपणहून सांगेलच असं नाही. मागावं लागतं. आपल्याकडे "राहू दे, त्यांनाही किती त्रास आहे" म्हणून गप्प बसायची सवय असते. त्रास त्यांना खरंच असतो, नम्रपणे बोला, पण मागा.

प्रश्न : मोबाइलवर संदेश आलाय : "पैसे परत हवे असल्यास इथे दाबा." दाबू का?

घरी जायचंच असेल तर दाबू नका. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

विमान रद्द झालं की निवड तुमची असते : पैसे परत, किंवा दुसऱ्या विमानाने त्याच ठिकाणी पोचवणं. पैसे परत घेतले की करार तिथेच संपतो. पुढचं तिकीट, हॉटेल, जेवण, सगळी जबाबदारी तुमच्यावर येते.

मी शनिवारी रात्री ते बटण दाबलं. अडकले होते, थकले होते, आणि वाटलं की निदान पैसे तरी हातात येतील, उद्या दुसरं तिकीट काढू. रविवारी सकाळी सहाला विमानतळ हळूहळू उघडला, तेव्हा माझ्यासारखे हजारो लोक त्याच मोजक्या जागा शोधत होते. मूळ तिकिटाच्या दुपटीहून जास्त पैसे मोजून मला मंगळवारचं विमान मिळालं. मंगळवारी, ५ डिसेंबरला, गोठणारा पाऊस आला आणि विमानतळ पुन्हा दुपारपर्यंत बंद राहिला. माझं विमान पुढे ढकललं गेलं. सांगलीत अक्षता पडल्या तेव्हा मी मुंबईत सामानाच्या पट्ट्यापाशी उभी होते.

माझ्याच विमानाची एक मैत्रीण होती, नागपूरची. तिने बटण दाबलं नाही. "मला मुंबईला पोचवा" एवढंच ती लिहीत राहिली. तिला कंपनीने सोमवारी दुसऱ्या शहरातून, दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवलं. वरचा एक पैसा घेतला नाही.

प्रश्न : काउंटरवर शेकडो लोक आहेत, फोन लागत नाही. हॉटेल मागायचं कोणाकडे?

रांगेत उभे राहाच, पण त्याच वेळी कंपनीच्या ॲपवरून आणि ईमेलने लेखी मागणी करा. दोन वाक्यं पुरतात : माझं अमुक क्रमांकाचं विमान रद्द झालं आहे, मला दुसऱ्या मार्गाने मुंबईला पोचवावं आणि आजच्या रात्रीची राहण्या-जेवणाची सोय करावी. वेळ नोंदली जाते, ते महत्त्वाचं. वाजवी वेळ थांबूनही कोणी काही केलं नाही, तर स्वतः साधी खोली घ्या, साधं जेवा, आणि प्रत्येक पावती जपून ठेवा. कार्डाची नोंद पुरत नाही, छापील पावती मागून घ्या. दारूचा खर्च सहसा मंजूर होत नाही.

पैसे परत करायला कंपनीने नकार दिला किंवा दोन महिने उत्तरच दिलं नाही, तर जर्मनीत प्रवासी आणि वाहतूक कंपन्यांमधले वाद मिटवणारी एक तटस्थ संस्था बर्लिनमध्ये आहे. बहुतेक मोठ्या कंपन्या तिच्याशी जोडलेल्या आहेत. प्रवाशाला शुल्क पडत नाही, अर्ज ऑनलाइन होतो.

जर्मनीत विद्यार्थ्याच्या ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो मिळतात. त्यात भाडं, विमा, जेवण सगळं येतं. विमानतळाजवळच्या दोन रात्रींनी त्या महिन्याचं गणित कोलमडतं. म्हणून पावत्यांबद्दल एवढं बजावून सांगते आहे.

प्रश्न : बर्फ थांबला, लख्ख ऊन पडलंय. तरी विमान का नाही?

मलाही तेव्हा हाच राग येत होता. खिडकीतून निळं आकाश दिसत होतं आणि फलकावर ओळीने "रद्द".

धावपट्टी एकदा साफ करून भागत नाही. शिवाय प्रत्येक विमानाच्या पंखांवरचा बर्फ गरम द्रव फवारून काढावा लागतो आणि त्या द्रवाचा परिणाम थोडाच वेळ टिकतो. तेवढ्यात उड्डाण झालं नाही तर पुन्हा फवारणी. गोठणारा पाऊस तर त्याहून वाईट. ते थेंब शून्याखाली जाऊनही द्रवच असतात आणि पृष्ठभागाला लागताक्षणी त्यांची काच होते. त्यावर झाडू चालत नाही.

आणि जे डोळ्यांना दिसत नाही ते असं, की तुमचं विमान आदल्या दिवशी भलत्याच शहरात उतरलेलं असतं. वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा असते, ते थांबून थांबून संपलेले असतात. एका दिवसाच्या बर्फाची घडी बसायला तीन-चार दिवस जातात. पुढच्या बैठका, परीक्षा, मुहूर्त तेवढे दिवस धरूनच आखा.

प्रश्न : भरपाई आणि सोयीचा हा युरोपीय नियम मुंबईहून येतानाही लागू होतो का?

युरोपीय संघातून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला, कंपनी कोणत्याही देशाची असो, लागू होतो. बाहेरून युरोपात येताना मात्र फक्त युरोपीय कंपनीच्या विमानाला. म्हणजे मुंबई–दुबई–म्युनिक आखाती कंपनीने येताना लागू नाही. उलट म्युनिक–दुबई–मुंबई हे एकाच बुकिंगवर असेल, तर दुबईत अडकलात तरी लागू होतो. युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये बर्लिन ते मोरोक्कोच्या एका प्रवासाच्या खटल्यात ठरवलं, की एका बुकिंगवरचा प्रवास हा एकच प्रवास. ब्रिटनने संघ सोडल्यावरही जवळपास हाच नियम आपल्या कायद्यात ठेवला.

अमेरिकेत हवामानामुळे हॉटेल देण्याची सक्ती नाही. विमान रद्द झालं आणि तुम्हाला जायचं नसेल तर पैसे परत मिळतात, एवढंच. तिथे शिकायला जाणाऱ्यांनी उशीर होतोय असं दिसताच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला कळवावं. आणि आय-ट्वेंटीवरची, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या प्रवेशाच्या फॉर्मवरची, प्रवासाची सही वर्षभराच्या आतली आहे ना, हे भारतातून निघण्याआधीच पाहावं.

प्रश्न : दुबईत अडकलो तर विमानतळाबाहेर पडता येतं का?

१६ एप्रिल २०२४ ला संयुक्त अरब अमिरातीत १९४९ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत मोठा पाऊस झाला. अल ऐन भागात चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर. दुबई विमानतळावर दोन दिवसांत बाराशेहून जास्त विमानं रद्द झाली. युरोप-अमेरिकेहून घरी निघालेले आपले कितीतरी विद्यार्थी दुबईमार्गेच जातात.

नुसत्या भारतीय पासपोर्टवर, व्हिसा नसताना, तुम्ही विमानतळाच्या आतच राहता. युरोप, ब्रिटन किंवा अमेरिकेचा सहा महिन्यांहून जास्त काळ वैध असलेला निवास परवाना असेल तर भारतीयांना तिथे उतरल्यावर शुल्क भरून व्हिसा मिळतो. नियम निघायच्या आधी पुन्हा पाहून घ्या. पण बाहेर पडायच्या आधी दहा वेळा विचार करा. त्या आठवड्यात रस्तेच पाण्याखाली होते आणि काही काळ नव्या प्रवाशांचं चेक-इनही थांबवलं होतं. एकदा बाहेर पडलं की परत आत यायला तीच रांग असते.

प्रश्न : स्वस्त पडतं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढली आहेत. काही धोका?

आहे, आणि तो मोठा आहे. पहिलं विमान बर्फामुळे रद्द झालं तरी दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही नुसते "आला नाहीत" असता. त्याच तिकिटावरचं परतीचं विमानही रद्द होऊ शकतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तरी एकच बुकिंग करा. करता येणार नसेल तर दोन्हींमध्ये एक पूर्ण रात्र ठेवा.

प्रश्न : रेल्वेचं काय?

म्युनिकच्या त्या रात्री कितीतरी प्रवासी स्टेशनातच उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये झोपले. ते योग्यच होतं. डबा गरम असतो, फलाट नसतो.

जर्मनीत स्वस्त तिकीट एका ठरावीक गाडीला बांधलेलं असतं. इच्छित स्टेशनला वीस मिनिटं किंवा जास्त उशिरा पोचणार असं दिसलं, की ते बंधन आपोआप सुटतं आणि पुढच्या दुसऱ्या गाडीने जाता येतं. सेमेस्टर तिकिटावर, म्हणजे विद्यापीठाकडून मिळणाऱ्या सत्रभराच्या पासवर, लांब पल्ल्याच्या आयसीई गाडीत बसता येत नाही, हे घाईत विसरू नका. जून २०२३ पासून युरोपात अतिटोकाच्या हवामानातल्या उशिराची भरपाई रेल्वे नाकारू शकते. प्रवास सोडून दिला तर पैसे परत मागण्याचा किंवा नंतर दुसऱ्या मार्गाने जाण्याचा हक्क मात्र कायम आहे. रात्र काढावी लागली तर हॉटेलही मिळतं, पण अशा हवामानात रेल्वे ते तीन रात्रींपुरतं मर्यादित करू शकते.

प्रश्न : माझा निवास परवाना संपत आला आहे आणि मी भारतात अडकलोय. परत येऊ देतील का?

या प्रश्नाने मुलांची झोप उडते, आणि तसं होणं साहजिक आहे. शांतपणे बघू.

चार-पाच दिवसांच्या उशिराने वैध परवाना रद्द होत नाही. जर्मनीत विद्यार्थ्याचा परवाना साधारणपणे सलग सहा महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिल्यावर संपतो. अडचण येते ती कार्डावरची तारीखच उलटली तर.

निघण्याआधीच मुदतवाढीचा अर्ज केला असेल, तर परदेशी नागरिक कार्यालयाकडून मिळणारा तात्पुरता कागद, ज्याला तिथे फिक्ट्सिओन्सबेशायनिगुंग म्हणतात, तो नीट वाचा. त्यात निवास कायद्याच्या कलम ८१ च्या वेगवेगळ्या पोटकलमांसाठी चौकटी असतात. पोटकलम ४ समोर खूण असेल तर तुमचा जुना परवाना चालू धरला जातो आणि परत येता येतं. पोटकलम ३ समोर खूण असेल तर त्या कागदावर परत प्रवेश मिळत नाही. दोन्ही कागद दिसायला सारखेच. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने ही चौकट मुंबईच्या चेक-इन काउंटरवर पहिल्यांदा वाचली.

अर्जच केला नसेल आणि तारीख उलटणार असेल, तर उलटायची वाट पाहू नका. मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाला आणि जर्मनीतल्या तुमच्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाला त्याच दिवशी लिहा. विमान रद्द झाल्याचा संदेश, मूळ तिकीट आणि विद्यापीठाचं प्रवेशपत्र जोडा. नवा व्हिसा घ्यावा लागू शकतो. पण उशीर तुमच्या हातात नव्हता याचा पुरावा तारखेसह तयार असला, तर बोलणं सोपं जातं.

प्रश्न : मी ब्रिटनमध्ये शिकतो. शेंगेन व्हिसावर पॅरिसला आलो आणि वादळाने परतीचा प्रवास रद्द झाला. व्हिसा आज संपतोय!

नोव्हेंबर २०२३ च्या सुरुवातीला सियारान वादळात फ्रान्सच्या ब्रिटनी भागाच्या टोकाला, प्वांत द्यु राझला, ताशी २०७ किलोमीटरचा वारा मोजला गेला. उत्तर-पश्चिम फ्रान्समधल्या गाड्या थांबल्या, डोव्हर बंदर काही काळ बंद पडलं. म्हणजे हे खरंच घडतं.

शेंगेन व्हिसा संहितेच्या कलम ३३ प्रमाणे, आपल्या हाताबाहेरच्या कारणाने निघता आलं नाही तर व्हिसा वाढवून मिळतो आणि त्याला शुल्क नसतं. अट एवढीच, की व्हिसा संपायच्या आत स्थानिक कार्यालयाकडे जायचं. फ्रान्समध्ये त्याला प्रेफेक्त्युर म्हणतात. कार्यालय बंद असेल तर ईमेल पाठवून वेळेची नोंद करा.

अजून एक. व्हिसावर "पासून-पर्यंत" तारखा असतात आणि "दिवस" असा वेगळा आकडा असतो. शेवटची तारीख पुढची दिसली तरी राहण्याचे दिवस तेवढेच मोजले जातात. दोन्ही बघा.

प्रश्न : माणूस पोचला, बॅग नाही.

विमानतळ सोडण्याआधी सामान कक्षात तक्रारीचा फॉर्म भरून त्याचा क्रमांक घ्या. बॅग मिळाल्यापासून २१ दिवसांच्या आत उशिराची लेखी तक्रार करावी लागते. बॅग फुटली-फाटली असेल तर ७ दिवस. दुबईच्या त्या पुरात हजारो बॅगा मागे राहिल्या होत्या. औषधं, चार्जर, मूळ कागदपत्रं आणि एक जोडी लोकरी मोजे कधीही मोठ्या बॅगेत टाकू नका.

प्रश्न : परीक्षा चुकणार आहे.

परीक्षा सुरू व्हायच्या आधी परीक्षा कार्यालय आणि प्राध्यापक दोघांनाही एकाच ईमेलमध्ये कळवा, विमान किंवा गाडी रद्द झाल्याचा संदेश जोडा. आजारपणाचा दाखला मिळवायचा प्रयत्न करू नका. खरं कारण पुरेसं असतं, आणि खोटा दाखला महागात पडतो.

प्रश्न : जपानमध्ये वादळाच्या आदल्या दिवशीच गाड्या बंद करतात म्हणे?

हो, आणि मला ती पद्धत फार आवडते. तिला केइकाकु उनक्यू म्हणतात, म्हणजे आधी जाहीर करून थांबवलेल्या गाड्या. १२ ऑक्टोबर २०१९ ला हगिबिस वादळ इझु द्वीपकल्पावर धडकलं. त्याआधीच टोकियो परिसरातल्या गाड्यांचं थांबणं जाहीर झालेलं होतं. हाकोनेला त्या दिवशी ९२२.५ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याला तो आकडा समजतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला होता, आणि तेव्हा लाखो मुंबईकर लोकलमध्ये, रस्त्यावर, ऑफिसात होते.

तिथे असाल तर घोषणा झाली की त्याच दिवशी मुक्काम गाठा, पाणी आणि दोन दिवसांचं खाणं आणून ठेवा. सप्टेंबर २०१८ मध्ये जेबी वादळात एक टँकर कन्साई विमानतळाच्या पुलावर आदळला. तो विमानतळ समुद्रातल्या बेटावर आहे. हजारो लोकांना रात्र तिथेच काढावी लागली आणि दुसऱ्या दिवशी होड्या-बसने बाहेर काढावं लागलं.

प्रश्न : इशाऱ्यांचे रंग तिकडे आपल्यासारखेच असतात का?

जवळपास. आपल्या हवामान खात्याचा लाल सर्वांत वरचा. जर्मन हवामान खात्याच्या लालच्या वर जांभळा असतो. तिथे "लाल म्हणजे शेवटचं" असं समजून अजून वाढायची वाट बघू नका, आणि जांभळा दिसला तर घराबाहेर पडूच नका. त्यांचं वार्नवेटर ॲप आणि आपत्तीचे इशारे देणारं नीना ॲप पहिल्याच आठवड्यात मोबाइलमध्ये घ्या.

बर्फ थांबल्यावर फोटो काढायला बागेत जायचा मोह होतो. ओल्या बर्फाच्या ओझ्याने फांद्या नंतर कितीतरी तास तुटत राहतात. म्युनिकमध्येही उद्यानं आणि जंगलं टाळायला सांगितलं होतं.

प्रश्न : आमची मुलगी तिकडे विमानतळावर अडकली आहे. आम्ही सांगलीहून काय करू शकतो?

काका-काकू, हा प्रश्न माझ्या आईनेही तेव्हा कोणाला तरी विचारला होता.

दर दहा मिनिटांनी फोन करू नका, तिची बॅटरी तिला तिकीट आणि हॉटेलसाठी लागणार आहे. वेळ ठरवून घ्या, समजा दर तीन तासांनी एक संदेश. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, त्यामुळे तुमची सकाळ झाली की तिची मध्यरात्र असते. तेव्हा तुम्ही जागे असता, आणि ते उपयोगी पडतं. ती झोपलेली असताना कंपनीच्या भारतातल्या क्रमांकावर तुम्ही फोन लावू शकता. तिकडचे फोन तुंबलेले असताना इकडचा लागतो, असा माझ्या आईचा अनुभव. त्यासाठी बुकिंगचा क्रमांक तिच्याकडून आधीच घेऊन ठेवा. आणि तिच्या होकाराशिवाय तिकिटाचे पैसे परत करून टाकू नका असं कंपनीला स्पष्ट सांगा.

पासपोर्ट हरवला, पैसे पूर्ण संपले किंवा दवाखान्यात जावं लागलं, तर भारतीय दूतावासाला आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर कळवा. अडचणीतल्या भारतीयांसाठी दूतावासांकडे कल्याण निधी असतो. नुसतं विमान चुकलं म्हणून मात्र तिथे फोन करू नका, ती वाट खऱ्या अडचणीतल्यांसाठी मोकळी राहू द्या. जिवाला धोका असेल तर तिने तिथेच ११२ लावायचा.

आणि तिने सकाळी काही खाल्लं का, हे विचारा. मला त्या चार दिवसांत हा प्रश्न फक्त आईने विचारला, आणि तेव्हा कळलं की मी आदल्या दुपारपासून काहीच खाल्लं नव्हतं.